झाड हलवा, फोटो मिळवा

पानगळीचे फोटो काढायला नव्याने बाहेर पडणाऱ्यांसाठी चार सूचना लिहून ठेवाव्यात, असे गेल्या रविवारी एका ओढ्याकाठी बसलो असताना मनात आले. २५ वर्षे कॅमेरा खांद्यावर वागवूनही मला जे उमगले नव्हते, ते एका तरुणाने एका फांदीच्या साहाय्याने काही सेकंदांत शिकवले, आणि असे ज्ञान स्वतःपुरते ठेवणे अप्पलपोटेपणाचे ठरेल. फांदीकडे यथावकाश येऊच.

पहाटे उठण्याच्या भानगडीत आपण मुळीच पडू नये. ऊन चांगले डोक्यावर येऊ द्यावे, म्हणजे पानांच्या मेणचट पृष्ठभागावर पांढरी चकाकी येते, झाडाखाली काळ्याकुट्ट सावल्या पडतात आणि या दोहोंच्या मध्ये रंग नावाची वस्तू शोधावी लागत नाही. ढगाळ दिवस तर घरातच काढावा, कारण ढगांतून झिरपलेला प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो आणि पान जसे आहे तसे दिसण्याचा धोका असतो. नुकताच पाऊस पडून गेला असेल तर धोका दुप्पट. ओली खोडे काळी पडतात आणि त्यांच्यापुढे पिवळी पाने विनाकारण उठून दिसू लागतात. सूर्याकडे नेहमी पाठ करावी. पानाच्या मागून ऊन आले की कंदिलाच्या काचेसारखे ते आतून उजळते आणि त्याची शीर न् शीर मोजता येते, पण असल्या देखाव्याने विचलित होण्याचे कारण नाही.

आभाळ पांढरेफटक असल्यास निम्मी फ्रेम त्यालाच द्यावी.

लेन्सवर १.८ असा आकडा छापलेला असेल तर त्याचे पैसे वसूल झालेच पाहिजेत, म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत सोडणारे छिद्र (आकडा जितका लहान तितके ते मोठे), कायम तेवढेच उघडे ठेवावे. वीतभर अंतरावरून पान टिपताना इतक्या उघड्या लेन्सने जेमतेम काही मिलिमीटर खोलीचा भाग रेखीव येतो. तेव्हा पान तिरकेच राहील याची काळजी घ्यावी, म्हणजे देठ तेवढे स्पष्ट आणि उरलेले पान धुक्यात जाते. या धुक्याला बोके असा एक भारदस्त शब्द आहे (मांजरांशी त्याचा संबंध नाही). तो वेळेवर उच्चारता आला की चूक ही शैली ठरते. वाऱ्यावर डुलणाऱ्या पानासाठी १/२५० सेकंद किंवा त्याहूनही वेगवान शटर लागते आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवावा लागतो, असे काही जुनाट माणसे सांगतात; त्यांना डुलू द्यावे.

पोलरायझर, म्हणजे फिरवून चकाकी घालवण्याचा लेन्सवरचा फिल्टर, जरूर विकत घ्यावा. मात्र लेन्सवर चढवल्यानंतर तो फिरवू नये.

रंगांच्या बाबतीत सगळा भार यंत्रावर टाकावा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे प्रकाशाच्या छटेनुसार रंग जुळवण्याची सोय, ऑटोवर राहिला की समोरचा पिवळा-केशरी पसारा हा प्रकाशाचाच दोष आहे, असा कॅमेऱ्याचा समज होतो आणि तो सगळ्यावर निळसर छटा चढवून आपल्या मते दुरुस्ती करतो. डेलाइटवर, म्हणजे ५५०० केल्विनच्या आसपास, बोट नेऊन ठेवण्याचे कष्ट आपण का घ्यावेत? घरी सॅच्युरेशनची, म्हणजे रंग भडक करण्याची, पट्टी आहेच, ती शेवटपर्यंत ओढावी. लाल पानांच्या फोटोत लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, इतरांच्या आधीच काठोकाठ भरलेला असतो आणि हिस्टोग्रामची, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाची, एकत्रित आकृती निर्धास्त दिसत असतानाही तो उजव्या भिंतीवर आपटलेला असतो, हे तपासत बसू नये. पट्टी ओढल्यावर शिरा जातात, कडेच्या छटा जातात आणि प्लॅस्टिकची, घाऊक भावात आणल्यासारखी पाने उरतात. झाड बिचारे हेच काम किती संथपणे करते! हिरवे क्लोरोफिल ओसरू लागले की आतापर्यंत त्याच्याखाली झाकलेले पिवळे कॅरोटिनॉइड दिसू लागतात; लाल अँथोसायनिन तर बहुधा शेवटच्या दिवसांत नव्याने तयार होते, आणि त्याला स्वच्छ उन्हाचे दिवस व गारठलेल्या, पण न गोठवणाऱ्या रात्री लाभाव्या लागतात. झाडाला ज्याला आठवडे लागतात, ते आपण अंगठ्याने दोन सेकंदांत उरकतो, आणि वर झाडाचे रंग यंदा फिकेच होते, असेही म्हणतो.

आता फांदी.

ओढ्यातल्या एका काळ्या, ओल्या दगडापुढे मी ट्रायपॉड लावून उकिडवा बसलो होतो. दगडाला मेपलचे एकच पान चिकटले होते. टोकांना गडद लाल, आतल्या बाजूला केशरी होत गेलेले आणि मुख्य शिरांच्या कडेने अजून हिरवट. उजव्या टोकाजवळ अळीने पाडलेले भोक होते आणि त्यातून मागचा काळा दगड दिसत होता. पोलरायझर फिरवून पाण्यावरची चकाकी घालवली होती, ॲपर्चर ११, आयएसओ १००, आणि पाणी रेशमासारखे ओढले जावे म्हणून शटर एक सेकंदाचे. अडचण एवढीच होती की पानाचे देठ दगडाच्या कडेबाहेर आलेले होते आणि जरा झुळूक आली की थरथरत होते. वीस मिनिटे मी वारा पडण्याची वाट पाहत बसलो. शेवटी तो पडला, मी बटण दाबले, आणि नेमक्या त्याच सेकंदात माझ्या डोक्यावरची फांदी कुणीतरी दोन्ही हातांनी धरून ताक घुसळावे तशी घुसळली.

पानांच्या पावसाचा व्हिडिओ चालला होता. एक मुलगी हात पसरून गिरक्या घेत होती, दुसरी मोबाइल धरून होती आणि हे चिरंजीव पर्जन्याचे खाते सांभाळत होते. पहिल्या खेपेला पाने पुरेशी पडली नाहीत, दुसऱ्या खेपेला मुलीचे डोळे मिटले गेले, तिसऱ्या खेपेला केस तोंडावर आले. चौथ्या खेपेला फांदी कडकन मोडली. माझा दगड पानांखाली गडप झाला होता. मी बघतो आहे हे लक्षात येताच तो हसून म्हणाला, "काका, तुमच्या फोटोत पण पानं आली की! आधी एकच होतं."

एकच होते, बाबा. एकच हवे होते.

पान गळते म्हणजे काय होते, हे तरी ठाऊक करून घ्या. देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो, तो देठाला फांदीपासून हळूहळू सोडवतो आणि मागे राहणारी जागा बंद करत आणतो. हे काम पुरे झाले की पान झुळकीनेसुद्धा उतरते. तुम्ही हिसडे देऊन पाडता ती पाने हे काम अर्धवट असलेली असतात. त्याच फांदीवर, पानांच्या बगलांत, येत्या वसंतातल्या पालवीच्या कळ्या आधीच बसलेल्या असतात. तुमची मंडळी गेल्यावर ती मोडलेली फांदी मी हातात घेऊन पाहिली. कळ्यांनी भरलेली होती.

उपरोध पुरे झाला. झाडे हलवू नका, फांद्या वाकवू नका, व्हिडिओसाठी पाने ओरबाडू नका. पायाखाली हजारो पाने पडलेली आहेत. ओंजळभर उचला आणि हवी तितक्या वेळा उडवा, तुम्हाला कुणी अडवलेले नाही. आणि ट्रायपॉडमागे कुणी गप्प बसलेले दिसले तर तो रिकामटेकडा नाही, तो वारा पडण्याची वाट पाहतो आहे. त्याच्या मागून जा, आणि जरा हळू जा.