गोड चाक

परवा मी संत्र्यांच्या दोन पिशव्या घेतल्या, कारण एका आजोबांनी माझ्या सायकलचं मागचं चाक दाबून पाहिलं.

जागा जपानची, शिमानामी काइदो हा बेटं-पुलांवरून जाणारा सायकलमार्ग. ओनोमिची ते इमाबारी, सुमारे ७० किलोमीटर, मध्ये सहा बेटं. कडेची निळी रेघ धरून गेलं की रस्ता चुकत नाही, वाहनं आपल्यासारखी डावीकडून. पुलांखालून जहाजं जातात म्हणून पूल उंच, आणि प्रत्येक पुलाआधी साधारण तीन टक्क्यांचा नागमोडी चढ. तीन टक्के म्हणजे काहीच नाही, असं पहिल्या पुलाला वाटतं.

तातारा पूल (१९९९चा, मधला गाळा ८९० मीटर) उतरून ओमिशिमावर आलो तर सायकल चिखलातून ओढल्यासारखी चालत होती. वय झालं, असं मी मनाशी कबूलही केलं. रस्त्याकडेला माणूस नसलेलं दुकान होतं: फळी, संत्री, पैशांचा डबा. पिशवी १०० येन. तिथे आजोबा उगवले, खाली बसले, अंगठ्याने टायर दाबला आणि म्हणाले, "अमाई."

अमाई म्हणजे गोड. एवढं जपानी मला येतं, तीच तर अडचण. मी डब्यात १०० येन टाकले, पिशवी उचलली. आजोबांनी पुन्हा टायर दाबला. "अमाई, अमाई!" विकण्याची हौस तरी किती! दुसरी पिशवी घेतली. आता ते चिडले. माझा अंगठा धरून टायरवर दाबला, आणि तो पार रिमपर्यंत गेला.

जपानीत हवा कमी असलेलं चाकही गोड. ढिला स्क्रू गोड, सैल गाठ गोड. आपण गोड बोलणाऱ्यापासून जपून असतो, हे लोक गोड नटबोल्टपासून.

आजोबांनी व्हॉल्व्हची चकती फिरवून आतली पिन उपसली. बघतो तर आपलीच वॉलट्यूब! साध्या सायकलींना तिकडेही तोच व्हॉल्व्ह. पिनेवरच्या रबरी नळीला ते 'मुशी-गोमु' म्हणतात, म्हणजे किडा-रबर. रबर सुकतं, भोकापाशी चिरतं आणि हवा गुपचूप जाते. पंक्चर शोधत बसलात तर दिवस जातो. आजोबांनी खिशातून नवा तुकडा काढला, थुंकी लावली, भोक झाकून वरच्या कडेपर्यंत चढवला, पिन खाचेत बसवली, चकती आवळली. घरून पंप आणून हवा भरली. मग व्हॉल्व्हच्या तोंडावर ओलं बोट. बुडबुडा नाही.

तसंच रेटलं असतं तर पुढच्या फुटपाथच्या कडेला रिमने ट्यूब चिमटली असती: शेजारी शेजारी दोन चिरा, साप चावल्यासारख्या.

राग येतो तो भाड्याने सायकल देणाऱ्यांचा. सीटची उंची दोनदा मोजली, हेल्मेटचा पट्टा बसवून दिला, नियमांच्या कागदावर सही घेतली, कमरेत वाकून निरोप दिला. टायरला अंगठा कोणी लावला नाही. लावायला कितीसा वेळ लागतो? मीही नाही लावला, पण पैसे मी दिले होते.

पैसे घ्यायला आजोबा तयार होईनात, म्हणून मी माझ्याच पिशवीतलं एक संत्रं पुढे केलं. त्यांनी सोललं, फोड तोंडात टाकली आणि एक डोळा मिटला.

"सुप्पाई," म्हणाले. आंबट.

दुसरी पिशवी अजून हँडलला लटकलेली होती, आणि पुढे पूल होते तीन.