नऊ वाजताचा चंद्र

विरहावर आजवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं, त्या सगळ्यांनी अंतराला फुकट बदनाम करून ठेवलं आहे. डोंगर आडवे येतात, नद्या आडव्या येतात वगैरे. मी सतराव्या वर्षी अख्खा उन्हाळा विरहात काढला आहे, त्यामुळे जरा अधिकाराने सांगते. अंतराचा त्रास फार तर आठवडाभर होतो. मग त्याची सवय होते आणि खरा त्रास सुरू होतो. तो म्हणजे, सांगायला काही नसतं.

शाळा संपलेली आणि कॉलेज सुरू व्हायला अवकाश, अशा त्या मधल्या सुट्टीत माणसाला कुठलंच पद नसतं. विद्यार्थी नाही, नोकरदार नाही, रीतसर बेकारही नाही. घरातलं एक जास्तीचं माणूस, ज्याला येता-जाता कुणीही ‘मोकळीच आहेस ना?’ म्हणून काम सांगावं. त्यातच माझं ज्याच्यावर प्रेम होतं त्या मुलाच्या वडिलांची बदली झाली आणि त्यांचं बिऱ्हाड दूरच्या शहरात गेलं. निघताना आम्ही एकमेकांना वचन दिलं, की रोज सगळं सांगायचं. अगदी सगळं! दोघांच्या आयुष्यात मिळून एकूण ऐवज किती, याचा हिशेब तेव्हा कोण करतो?

सुरुवातीला साठ्यातला माल पुरला. शाळेतल्या आठवणी, सरांच्या नकला, कोण कुणाशी का बोलत नाही याची साग्रसंगीत चर्चा. मग साठा संपला आणि नवी आवक काही होईना. तो नव्या गावात कुणालाच ओळखत नव्हता, म्हणून त्याच्याकडे बातमी नाही. मी जुन्याच गावात सगळ्यांना ओळखत होते, म्हणून माझ्याकडेही नाही. उरलं ते एवढंच:

‘जेवलास का?’

‘हो. तू?’

‘हो. काय करतोयस?’

‘काही नाही. तू?’

‘काही नाही.’

दोन वेळच्या जेवणांवर हा संवाद दोनदा व्हायचा. जेवणं दिवसातून चार-पाचदा असती तर आमचं प्रेम जास्त खुललं असतं, असं मला अजूनही वाटतं.

आमच्या आजीच्या कानावर हे पडत असायचं. एकदा न राहवून तिने विचारलं, ‘कोण आजारी आहे गं?’

‘कुणी नाही. का?’

‘मग सारखं जेवलास का, जेवलास का काय चाललेलं असतं?’

‘मैत्रीण आहे, आजी.’

‘मैत्रीण, आणि जेवलास?’

मराठीत चोरून प्रेम करणं मुळातच अवघड आहे. माणसं फुटली नाहीत तरी क्रियापद फुटतं. त्या दिवसापासून मी घरात बोलताना ‘जेवण झालं का?’ वर आले. त्यात कुणाचंच लिंग कळत नाही. आजीला मात्र जे कळायचं ते कळून चुकलं होतं.

नेट संपलं की आम्ही साध्या मेसेजवर यायचो. त्या मेसेजला १६० अक्षरांची मर्यादा असते आणि तिचं श्रेय फ्रीडहेल्म हिलेब्रांट या जर्मन गृहस्थांकडे जातं. १९८५ च्या सुमाराला त्यांनी टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं आणि प्रश्न टंकले, अक्षरं मोजली आणि माणसाला सांगायचं असतं ते बहुधा १६० त मावतं असं ठरवलं. मराठीला मात्र ७० च मिळतात. कारण पाकीट एकच, १४० बाइटचं. रोमन अक्षर ७ बिटांत अंग चोरून बसतं, आपल्या देवनागरीला ऐसपैस १६ लागतात. एखाद्याने यावर भाषिक अन्याय म्हणून मोर्चा काढला असता. आम्हाला ७० सुद्धा भारी पडत होती. ‘जेवलास का?’ या मजकुराला मात्रा, काना, मधली मोकळी जागा आणि प्रश्नचिन्ह धरून १० लागतात. उरलेल्या ६० चं करायचं काय? मी तिथे टिंबं भरायची. त्यालाही ती टिंबं फार अर्थपूर्ण वाटायची.

निळ्या टिकांचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. व्हॉट्सअॅपने त्या २०१४ साली आणल्या आणि त्या बंद करायची सोयही आहे, फक्त आपली बंद केली की समोरच्याचीही दिसत नाही. ‘आपला एकमेकांवर विश्वास आहे’ असं म्हणून आम्ही दोघांनी त्या बंद केल्या आणि ‘लास्ट सीन’वर पाळत ठेवायला लागलो. एकदा रात्री एक वाजता त्याने काहीतरी पाठवलं आणि मी उघडायच्या आत पुसून टाकलं. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ एवढीच पाटी मागे उरली. त्या पाटीकडे बघत मी रात्र काढली. काय लिहिलं असेल? कबुली? निरोप? दुसरी कुणी? सकाळी कळलं, की त्याने ‘जेवलीस का?’ असंच लिहिलं होतं. मग हे आज विचारून झालंय हे लक्षात आलं म्हणून पुसलं.

आता फोनचं सांगते. फोनवर आमचं एकमेकांच्या अंगावर बोलणं व्हायचं. दोघं एकदम सुरू, दोघं एकदम गप्प. मग ‘बोल ना’, ‘नाही, तू बोल’, ‘तू काहीतरी म्हणत होतीस’, ‘नाही रे, काही नाही’. आवाज जरा उशिरा पोचायचा, त्याचा हा घोळ. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण एका रात्री मी विचारलं, ‘माझी आठवण येते का?’ आणि पलीकडे शांतता. एक पूर्ण सेकंद. मग ‘हो’.

एक सेकंद म्हणजे काय, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी माहिती: २००९ साली काही अभ्यासकांनी जगातल्या १० भाषांमधली साधी बोलणी तपासली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. आणि होकार हा नकारापेक्षा लवकर येतो. मला तेव्हा या अभ्यासाचा पत्ता नव्हता, पण सतरा वर्षांच्या मुलीला तो उपजत येतो. पाचपट वेळ घेऊन आलेला होकार मी होकार म्हणून का घ्यावा? ‘विचार करून सांगितलंस का?’ मी विचारलं. पुन्हा एक सेकंद. मग ‘नाही’. आता हे ‘नाही’ कशाला होतं, यावर आम्ही मध्यरात्रीपर्यंत बोललो.

यात अंतराचा काही दोष नव्हता हे मला पुढे कळलं. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर पळतो. म्हणजे १००० किलोमीटर पार करायला त्याला ५ मिलिसेकंद पुरतात. बाकीचा सगळा उशीर आमच्याच घरात होत होता, कारण शेजारच्या खोलीत बसून माझा धाकटा भाऊ गेमचं अपडेट उतरवत असायचा आणि आमचे शब्द त्या अपडेटच्या मागे रांगेत ताटकळत उभे असायचे. डोंगर आणि नद्यांचं मघाशी म्हटलं ते यासाठी. माझ्या विरहात आडवा आलेला एकुलता एक अडथळा पलंगावर पालथा पडून खिदळत होता.

अशात त्याला चंद्राची कल्पना सुचली. रोज रात्री नऊ वाजता दोघांनी आपापल्या गच्चीवर जायचं आणि एकाच वेळी चंद्राकडे बघायचं. कल्पना जुनी आहे, पण आम्हाला ती आमचीच वाटली. मुहूर्तही उत्तम लागला. त्या दिवशी पौर्णिमा होती. मी गच्चीवर गेले, चंद्र बघितला, डोळे भरून आले, डास चावले, खाली आले. ‘बघितलास?’ ‘हो. तू?’ ‘हो.’ सुटकेचा नि:श्वास! जेवणाखेरीज दुसरा विषय मिळाला होता.

चार-पाच रात्रींनंतरची गोष्ट. मी नऊला गच्चीवर उभी. चंद्र दिसेना. ढग नाहीत, चांदण्या स्वच्छ, चंद्र गायब. तेवढ्यात फोन वाजला: ‘बघितला. आज जरा जास्तच सुंदर दिसतोय. तुझ्यासारखा.’

मी सगळ्या दिशांना फिरले. पाण्याच्या टाकीमागे बघितलं. जिना चढून आजी गच्चीवर आली, तिला रात्री गार वाऱ्यात बसायला आवडायचं. ‘काय शोधतेस?’

‘चंद्र.’

‘आत्ता कुठला चंद्र? पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले. अकराला ये.’

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. भूगोलात हे शिकून, त्यावर मार्क मिळवून, शाळेतून बाहेर पडलेल्या दोन हुशार मुलांनी नऊची वेळ ठरवली होती. महिन्यातले साधारण निम्मे दिवस त्या वेळेला चंद्र आकाशात नसतोच.

मी लगेच फोन लावला. ‘कुठे दिसला तुला?’

एक सेकंद. ‘वरती.’

‘वरती कुठे? तो अजून उगवलाच नाहीये.’

‘आमच्याकडे लवकर उगवतो.’

इथे त्याने चूक केली, कारण भूगोल हा माझा विषय होता. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. त्याच्याकडे चंद्र दोन तास आधी उगवायचा तर त्याचं गाव माझ्या गावाच्या ३० अंश पूर्वेला असायला हवं. ‘म्हणजे तू एक तर परदेशात आहेस, नाही तर समुद्रात,’ मी म्हटलं. ‘बाबांची बदली नक्की कुठे झाली आहे?’ मग तो म्हणाला, ढगाआड होता, मी मनाने बघितला. मग म्हणाला, प्रेमात असं अक्षरश: घ्यायचं नसतं. शेवटी कबूल झाला, की समोरच्या इमारतीवर एक हॅलोजन आहे, तो बघितला. गच्चीवर तो पहिल्या रात्रीनंतर गेलाच नव्हता.

मी स्वत: आदल्या दोन रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ‘दिसला, दिसला’ असं कळवलं होतं. पण तो मुद्दा चर्चेला आला नाही आणि मी कशाला काढू?

हे भांडण चांगलं टिकाऊ निघालं. तो हॅलोजन किती वॅटचा, त्याला माझ्यासारखा म्हणणं हा माझा अपमान की हॅलोजनचा, आधीच्या रात्री काय बघितलं, यापुढे ‘आठवण येते’ म्हणालास तर ती तरी माझीच कशावरून. मेसेजची अक्षरं पुरेनात. फोनवर दोघं एकदम बोलत होतो आणि कुणीच ‘तू बोल’ म्हणत नव्हतं. भांडण मिटलं त्या रात्री तासभर समजूत घातली गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा:

‘चहा झाला का?’

‘हो. तुझा?’

तेव्हा दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं असावं, की बाहेर काहीही न घडता घरबसल्या तयार होणारा एकच माल आहे, आणि तो म्हणजे भांडण. त्यानंतर आम्ही नेमाने भांडलो. तीन टिंबांऐवजी दोनच का टाकलीस? ‘हम्म’ मध्ये एक म कमी का? प्रोफाइलच्या फोटोत मागे दिसतो तो हात कुणाचा? (दरवाज्याचं हँडल होतं.) आईला वाटायचं, पोरगी सुट्टीत सुकत चालली आहे. प्रत्यक्षात मी दिवसभर रात्रीच्या भांडणाची तयारी करत असायचे, त्यामुळे जेवायला वेळ व्हायचा नाही.

पुढे कॉलेज सुरू झालं. इतके दिवस दुष्काळ, आणि आता दोघांकडे एकदम ओला दुष्काळ. नवी माणसं, नवे वर्ग, कोण काय म्हणालं, कोण कुठे पडलं. मी माझं सांगायचे, तो त्याचं सांगायचा. त्याच्या गोष्टीतली माणसं मला माहीत नाहीत, माझ्यातली त्याला नाहीत. प्रत्येक गोष्टीआधी कोण कुणाचा कोण हे समजावण्यात फोनची वेळ संपायची आणि मूळ गोष्ट उद्यावर जायची. उद्या तिची मजा गेलेली असायची. भांडायलाही फुरसत राहिली नाही. ‘जेवलीस का?’ तर कुणी विचारेना. जेवायला बरोबर पोरांचा घोळका असायचा.

एका रविवारी मी मनाशी ठरवून फोन लावला. तोही काहीतरी ठरवून बसला होता हे त्याच्या ‘हॅलो’तच कळलं. मी म्हटलं, ‘मला वाटतं, आपण...’ त्याच क्षणी पलीकडून ऐकू आलं, ‘मला वाटतं, आपण...’

शांतता.

‘बोल ना,’ तो म्हणाला.

‘नाही, तू बोल.’

‘तू आधी सुरू केलंस.’

‘नाही रे, माझं काही विशेष नाही.’

‘माझंही नाही.’

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आरोळी आली, ‘ताई, किती वेळ! माझं अपडेट अडकलंय!’ मग पुढच्या रविवारी नीट बोलू असं ठरलं. पुढच्या रविवारी त्याची सबमिशन होती, त्याच्या पुढच्या रविवारी माझी सहल. मग दोघांच्याही परीक्षा आल्या.

ते बोलणं राहिलं ते राहिलंच. म्हणजे कागदोपत्री बघायला गेलं तर आमचं अजून मोडलेलं नाही. मध्यंतरी त्याच्या लग्नाचे फोटो दिसले. बायको छान आहे, मांडव प्रशस्त होता, मागे हॅलोजनही भरपूर होते. खाली चार शब्द लिहावेत म्हणून मी बराच वेळ विचार केला, दोनदा लिहून पुसलं. शेवटी नुसता अंगठा दाखवला.