जॉब कार्डवर सही करू नका म्हणे!

‘वॉरंटीतील गाडी एकाच दोषासाठी तीनदा सर्व्हिस सेंटरला गेली की कंपनीला कायद्याने नवी गाडी द्यावीच लागते, तोवर जॉब कार्डवर सही करू नका, कर्जाचे हप्ते थांबवा, आणि बाहेरच्या गॅरेजमध्ये गेलात तर वॉरंटी संपली’, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या मेहुण्याने त्यावर विसंबून जॉब कार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार नोंदवते त्या कागदावर, सही न करताच गाडी तेथे सोडली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

ठरावीक फेऱ्यांनंतर गाडी बदलून मिळण्याची तरतूद अमेरिकेतील राज्यांच्या ‘लेमन लॉ’मध्ये आढळते, भारतात तसा कायदा नाही. उलट 2006 मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात, क्लचमध्ये दोष असला तरी वॉरंटीनुसार तो भाग दुरुस्त करून वा बदलून देणे एवढीच कंपनीची जबाबदारी ठरते, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला. मूळ उत्पादनदोष सिद्ध झाल्यास ग्राहक आयोग गाडी बदलून देण्यास सांगू शकतो, एवढे तथ्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. पण सिद्ध करायचे कशाच्या जोरावर?

ज्या जॉब कार्डापासून हा शहाणा लोकांना दूर ठेवतो, त्याच्याच! आपण ‘दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना खडखड होते, इंजिन तापल्यावर अधिक’ असे सांगावे आणि सर्व्हिस ॲडव्हायझरने तक्रारीच्या रकान्यात ‘जनरल चेकअप’ लिहून मोकळे व्हावे, हा नित्याचा प्रकार आहे. मग आयोगासमोर त्या दोषाची नोंदच सापडत नाही. म्हणून आपली तक्रार आपल्याच शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्यावी, नंतरच सही करावी आणि प्रत मागून घ्यावी. गाडी सोपवल्याच्या सहीने दोष आपल्यामुळे झाल्याची कबुली होत नाही.

हप्ते थांबवण्याचा सल्ला तर निव्वळ घातक आहे, कारण कर्जाचा करार बँकेशी असतो आणि गिअरबॉक्सच्या खडखडीशी बँकेला कर्तव्य नसते.

बाहेरच्या गॅरेजबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये 14 मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट लादू नये, बाहेरील सदोष कामामुळे झालेल्या नुकसानापुरतीच ती नाकारता येईल, असे म्हटले. त्यावर पुढे अपिले झाली, त्यामुळे बाहेर केलेल्या कामाची बिले जपून ठेवलेली बरी.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो तेथेच दाखल करता येते आणि त्यासाठी वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची असून ती वॉरंटी संपल्यापासून नव्हे, तर तक्रारीचे कारण उद्भवल्यापासून मोजली जाते.