तारीख ‘नीट दिसते’ म्हणजे नीट झाली असं नाही

वहिनी शाळेत क्लार्क आहेत. सोमवारी त्यांचा फोन आला, “भावजी, ग्रुपवर आलेली युक्ती केली. सगळ्या जन्मतारखा सरळ झाल्या!” युक्ती अशी: एक्सेलमध्ये तारखा उलट्या होत असतील तर कॉलम निवडा, फॉरमॅट सेल्समध्ये दिवस-महिना-वर्ष टाका, काम फत्ते. सोबत आणखी तीन टिपा. हा मेसेज मलाही तीनदा आलाय. आधी हसलो होतो, आता नाही.

एक्सेल तारीख साठवतं आकड्यात, १९०० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या दिवसांच्या. ५ मार्च २०१८ म्हणजे ४३१६४. वहिनींच्या कॉम्प्युटरचं रीजन (तारीख कशी वाचायची ते ठरवणारं सेटिंग) अमेरिकेचं होतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. त्यावर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल) डबल-क्लिक करून उघडली, की ०५/०३/२०१८ ची ३ मे होते, म्हणजे ४३२२३. पोरगं ५९ दिवसांनी लहान! फॉरमॅट बदलल्यावर तिथे ०३-०५-२०१८ दिसतं. आकडा तोच, चुकीचा, फक्त आता इस्त्रीचे कपडे घालून बसलेला. फॉरमॅटने दिसणं बदलतं, आतली किंमत नाही, हे खुद्द मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानावर लिहिलंय. वर १३/०३/२०१८ सारख्या तारखा एक्सेलला तारीखच वाटत नाहीत, १३ वा महिना कुठून आणणार? त्या मजकूर म्हणून डावीकडे चिकटून राहतात आणि बरोबर दिसतात. म्हणजे एकाच कॉलममध्ये दोन जाती. वर्षात दिवस १ ते १२ मधला असलेल्या १४४ तारखा. ०१/०१, ०२/०२ अशा १२ सोडल्या तर १३२ तारखा गुपचूप बदलतात. कुठेही लाल खूण नाही.

दुसरी टीप, तारखेआधी अपॉस्ट्रॉफी (') द्या. दिली, की तारखेचा मजकूर झाला. मग सॉर्ट करा आणि जानेवारी-डिसेंबरची भेळ बघा.

तिसरी, ‘एक्सेल १९०० ला लीप वर्ष धरतं, म्हणून वयातून एक दिवस वजा करा.’ पहिला भाग खरा आहे, लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम ठेवली. पण १ मार्च १९०० नंतरच्या दोन तारखांच्या वजाबाकीत तिचा काडीचा संबंध नाही. इयत्ता पहिलीत सव्वाशे वर्षांचा विद्यार्थी असेल तर बोलू.

चौथी, रीजन भारत करा. बरं, हे मान्य. पण फाइल उघडण्याआधी. आधीच चुकीची बसलेली तारीख त्याने सुधारत नाही.

मूळ सीएसव्ही हाताशी असेल तर डेटा टॅबमधून आणा आणि लोकेल, म्हणजे कुठल्या देशाच्या पद्धतीने वाचायचं ते, इंग्लिश (इंडिया) द्या. वहिनींनी ती डिलीट केली होती. मग डावीकडच्या तारखा टेक्स्ट टू कॉलम्समध्ये डीएमवाय (दिवस-महिना-वर्ष) निवडून सुधारल्या. उलटलेल्यांसाठी शेजारच्या कॉलममध्ये डेट फॉर्म्युला, त्यात इयर, मग डे, मग मंथ. शेवटी महिना अक्षरात दाखवणारा फॉरमॅट लावला (फॉरमॅटचा खरा उपयोग हा!), वहिनी शाळेच्या जनरल रजिस्टरमधून (विद्यार्थ्यांच्या नोंदवहीतून) एकेक नाव वाचत गेल्या, मी स्क्रीनवर बघत गेलो. रात्रीचे साडेअकरा वाजले.