तो ‘दगडमासा’ नव्हे!

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस एक फोटो फिरतोय: ‘चौथ्या मजल्यावरच्या टाकीत जीवघेणा दगडमासा, मुलांना जाऊ देऊ नका.’ माशांची ती काचेची टाकी माझी, मासा माझा, म्हणून हा खुलासा.

तो ब्लेनी नावाचा छोटा समुद्री मासा आहे, शास्त्रीय नाव सालारियास फासिएटस. हिंद-प्रशांत महासागरातल्या प्रवाळांवरचा, जेमतेम १४ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. अंगावर मातकट पट्टे, दिवसभर दगडावर ठिय्या. एवढ्यावरून गैरसमज झाला असावा. पण खऱ्या दगडमाशाचं तोंड वर वळलेलं असतं आणि पाठीवर १३ विषारी काटे. तो दबा धरून मासे गिळतो. आमचा गडी शेवाळ खरवडतो. काचेवर त्याच्या ओठांचे गोल ठसे उमटलेले असतात, सकाळी उजेडात स्पष्ट दिसतात. डोळ्यांवर फाटे फुटलेले बारीक तुरेही आहेत. फोटो झूम केलात तरी दिसतील.

‘मग गोबी असेल’ (हाही एक मासाच) असंही एका काकांनी लिहिलंय. तेही नाही. गोबीच्या पाठीवर सहसा दोन वेगळे पर असतात आणि पोटाखालचे पर जुळून वाटी झालेली असते. कोकणातल्या चिखलातला निवटी मासा त्याच गोतावळ्यातला. याचा पाठीवरचा पर मात्र डोक्यामागून शेपटीपर्यंत एकच, सलग.

राहता राहिला विषाचा प्रश्न: या जातीला विषारी काटे नाहीत. टाकी हॉलमध्येच आहे. मुलांना खुशाल पाठवा, फक्त काचेवर टकटक करू नका म्हणावं. तो लगेच बिळात शिरतो.