घटोत्कचाचा सांगाडा आणि अण्णांचा फॉरवर्ड

परवा रात्री दहाला भाचीचा फोन. आठवीत आहे, शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिने विषय घेतलाय जीवाश्म. "मावशी, माझा चार्ट झाला, फोटो पाठवते बघ." बघितला तर मधोमध, कडेने चमकी लावून, एका अवाढव्य मानवी सांगाड्याचा कलर प्रिंट, कवटीशेजारी खोदणारा माणूस बाहुलीएवढा, आणि खाली स्केचपेनने "घटोत्कचाचा जीवाश्म". कुठून आणलास विचारलं तर म्हणे, अण्णाआजोबांनी ग्रुपवर टाकलाय की.

अण्णा म्हणजे माझे काका. आयुष्य बँकेत गेलं, दिवसाअखेर कॅश आठ आण्यांनी जुळली नाही तर माणूस घरी यायचा नाही. आणि आता? "डार्विनचा खोटेपणा उघड! हे शाळेत कधीच शिकवणार नाहीत!" असा सात मुद्द्यांचा मेसेज, खाली हात जोडलेले तीन इमोजी, आला की ढकलला पुढे. आजवर असले शंभर मेसेज मी न बोलता सोडलेत, पण पोरीच्या चार्टवर गेला म्हटल्यावर आता बसून लिहितेय. अण्णा, राग मानू नका, पण वाचा.

पहिला मुद्दा तोच सांगाडा. मेसेज म्हणतो की उत्तर भारतातल्या वाळवंटात नॅशनल जिऑग्राफिकच्या टीमला हा सापडला, मग आर्मीने सगळा भाग ताब्यात घेतला आणि सरकारने बातमी दाबली. बरं. तर हे चित्र 2002 सालचं आहे. वर्थ थाउजंड नावाच्या वेबसाइटवर फोटोशॉपची स्पर्धा होती, विषयच होता की उत्खननात सापडलेल्या विचित्र गोष्टींचे खोटे फोटो बनवा. एका कॅनेडियन कलाकाराने, आयर्नकाइट हे त्याचं तिथलं टोपणनाव, हे बनवून टाकलं. खालचा मूळ फोटो आहे न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावचा, 2000 साली तिथे मॅस्टोडॉनचं, म्हणजे हत्तीच्या एका नामशेष भाऊबंदाचं, उत्खनन चालू होतं त्याचा वरून घेतलेला. त्यावर माणसाचा सांगाडा चिकटवला, झालं. हे मी कुठल्या चॅनलवर ऐकून सांगत नाहीये, ज्या नॅशनल जिऑग्राफिकच्या नावाने तुम्ही हे पाठवता त्यांनीच डिसेंबर 2007 मध्ये छापून सांगितलंय की आम्हाला असं काहीही सापडलेलं नाही, आणि त्या कलाकाराशी बोलून सगळी हकीकत दिलीये. मेसेजचा साक्षीदारच कोर्टात उभा राहून म्हणतोय की साहेब मी तिथे नव्हतो! आणि गंमत म्हणजे हाच फोटो अरबस्तानात, कुराणात उल्लेख असलेल्या "आद" जमातीचा राक्षसी माणूस म्हणून फिरतो. तिथे तो वाळवंटातला आणि इथेही वाळवंटातलाच, फक्त ग्रंथ बदलला.

बरं, फोटो राहू द्या. साधा हिशोब करू, तुमच्याच पद्धतीने. सहा फुटी माणूस 80 किलोचा धरा. त्याला सगळीकडून दहापट मोठा करा, साठ फुटी. उंची दहापट, रुंदी दहापट, जाडी दहापट, म्हणजे वजन हजारपट, 80 टन. पण मांडीच्या हाडाची जाडी बघा, ते आडवं कापलं तर तो काप फक्त शंभरपट मोठा. हजारपट ओझं आणि शंभरपट हाड, म्हणजे हाडावर आत्तापेक्षा दहापट ताण, तोही नुसतं उभं राहिलं तरी. म्हणून हत्तीचे पाय खांबासारखे असतात आणि हरणाचे काठीसारखे. खरंच कधी एवढा मोठा माणूस झाला असता तर त्याची हाडं अशी सडपातळ, आपल्यासारखी दिसलीच नसती. फोटोतलं हाड आपल्यासारखं दिसतं कारण ते आपल्याएवढ्याच माणसाचं आहे, झूम केलेलं.

"माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून कशी?" ह्यावर वेळ घालवत नाही. तुमचे चुलतभाऊ अजून आहेत म्हणून तुम्ही जन्मलाच नाहीत असं कोणी म्हणतं का. आपण आजच्या माकडांपासून आलो असं डार्विन म्हणालाच नव्हता, दोघांचे पूर्वज एक. डार्विनने मरताना सगळं मागे घेतलं हेही तसंच, ती गोष्ट तो गेल्यावर तेहतीस वर्षांनी, 1915 मध्ये छापून आली आणि त्याच्या मुलीनेच 1922 मध्ये लिहून सांगितलं की खोटं आहे.

आता "मधले सांगाडे कुठेत? एका प्राण्यातून दुसरा होतानाचा एकही जीवाश्म नाही!" हा मुद्दा ठळक अक्षरात आणि पाच उद्गारचिन्हांसकट. अहो, आपल्याच देशात आहे की. देवमासा हा मासा नाही, पिल्लांना दूध पाजणारा प्राणी आहे, म्हणजे तो जमिनीवरून पाण्यात गेला असणार, पण कोणापासून? ए. रंगा राव नावाचे भारतीय भूवैज्ञानिक होते, त्यांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटहून दगड गोळा करून ठेवले होते. ते वारले, पुढे त्यांच्या पत्नीने ते दगड हान्स थेविसेन या शास्त्रज्ञाला दिले. साफसफाई करताना टेक्निशियनच्या हातून एक कवटी कानापाशी फुटली. फुटली म्हणून आतलं दिसलं. कानाच्या हाडाची आतल्या बाजूची भिंत भलतीच जाड, अशी ठेवण तोवर फक्त देवमाशांत माहीत होती. आणि प्राणी कसला, तर मांजरापेक्षा जरासा मोठा, पाय बारीक, हरणासारखे खूर असलेला, नाव इंडोहायस. वय सुमारे 4.8 कोटी वर्षं. हाडंही पाणघोड्यासारखी जड, पाण्यात उतरून चालणाऱ्याची असतात तशी. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढच्या पायऱ्या पाकिस्तानात आणि आपल्या कच्छमध्ये मिळाल्या, चालणारे, मग पोहणारे, आणि इजिप्तच्या वाळवंटात तर पूर्ण समुद्रात राहणारा पंधरा-सोळा मीटरचा बॅसिलोसॉरस, त्याला मागचे पाय आहेत पण इतके इवलेसे की त्यावर उभं राहणं शक्यच नाही. अजून किती मधले पाहिजेत? प्रत्येक नवा सापडला की म्हणणार, आता ह्या दोघांच्या मधला दाखवा.

"कार्बन डेटिंगने कोट्यवधी वर्षं मोजताच येत नाहीत, म्हणजे डायनासोरचं वय खोटं!" ह्या मुद्द्यात मात्र, नाइलाजाने सांगते, अर्धं खरं आहे. कार्बन साधारण 50 हजार वर्षांपर्यंतच कामाचा, त्यापुढे मोजण्याजोगा उरत नाही. पण म्हणूनच डायनासोरला कार्बन कोणी लावतच नाही हो! तिथे ज्वालामुखीच्या दगडातलं पोटॅशियम, युरेनियम बघतात, ते फार सावकाश बदलतं. आपल्या पायाखालचा काळा कातळ, सह्याद्रीचा अख्खा, तसाच तर मोजलाय, सुमारे 6.6 कोटी वर्षं. वजनकाट्यावर ताप मोजायचा आणि मग काटा खोटा म्हणायचं.

"उत्क्रांती परदेशी लोकांनी आपल्यावर लादली" म्हणता, तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे डायनासोरची हाडं मिळतात आणि दगड झालेलं शेणसुद्धा. ते शेण मायक्रोस्कोपखाली बघितलं तर गवताच्या पानात असतात ते काचेसारखे बारीक कण मिळाले. तोवर पुस्तकांत होतं की गवत डायनासोर संपल्यावर आलं. 2005 मध्ये चंद्रपूरच्या शेणाने ते बदलायला लावलं, आणि त्या पेपरवर पहिलं नाव भारतीय शास्त्रज्ञाचं आहे. असलं काही फॉरवर्डमध्ये येत नाही, कारण शेणात कोणाला रस असणार.

सहावा मुद्दा, शास्त्रज्ञांनी खोटे जीवाश्म बनवले. खरंय, बनवले. इंग्लंडमध्ये 1912 ला माणसाची कवटी आणि ओरांगउटानचा जबडा जोडून पिल्टडाउन मॅन उभा केला, आणि भल्याभल्यांनी चाळीस वर्षं तो डोक्यावर घेतला, लाज वाटण्यासारखंच आहे. आपल्याकडेही चंदीगडच्या एका प्राध्यापकांनी परदेशातले जीवाश्म हिमालयात मिळाले म्हणून वर्षानुवर्षं पेपर छापले. पण पकडलं कोणी? 1953 ला पिल्टडाउन शास्त्रज्ञांनीच उघडं पाडलं, हिमालयवालं 1989 ला जॉन टॅलेंट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने. आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा, भीमबेटका. 2021 मध्ये बातमी आली की तिथल्या गुहेच्या छतावर 55 कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जीवाचा ठसा मिळाला. जगभर गाजली. नंतर दुसरी टीम जाऊन बघते तर तो "जीवाश्म" खडकावरून पापुद्र्यासारखा सुटत चाललेला. आग्यामोहोळ होतं हो, पोळं गळून पडल्यावर राहिलेला मेणाचा डाग! मूळ पेपर लिहिणाऱ्यानेही मान्य केलं, चुकलं. दोन वर्षांत. घटोत्कच वीस वर्षं झाली फिरतोय, कोणी "चुकलं" म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

सातवा मुद्दा वाचून तर हसूच आलं. सहा मुद्दे उत्क्रांती खोटी म्हणून, आणि सातवा म्हणे मत्स्य, कूर्म, वराह हे दशावतार म्हणजे उत्क्रांतीच, आपल्या ऋषींना आधीच माहीत होती. अहो, एक काय ते ठरवा.

आणि आता शेवटचं, अण्णा. तुमच्या देवघरात आजीच्या वेळचा शाळिग्राम आहे ना, रोज अभिषेक करता तो. काळा, गुळगुळीत, एका बाजूला भोक, आणि आत बघितलं की चक्र दिसतं, बारीक बारीक रेघांचे वळसे. ते वळसे अ‍ॅमोनाइटच्या शंखाचे. समुद्रातला प्राणी, माकूळ-ऑक्टोपसच्या नात्यातला, डायनासोर संपले तेव्हाच संपला. नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळतात, हिमालयाच्या जागी समुद्र होता तेव्हाच्या गाळातले, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचे. घरात खराखुरा जीवाश्म, तोही ताम्हनात, आणि पोरीच्या चार्टवर फोटोशॉप.

हे सगळं मी काल ग्रुपवर टाकलं. दोन निळ्या टिका, उत्तर नाही. आज सकाळी भाची भिंग घेऊन त्यांच्याकडे गेली. आत्ता तिचा मेसेज आला: "आजोबा म्हणाले सोवळं आहे, तू हात लावू नको. मी उजेडात धरतो, तू फोटो काढ."