अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन दरीच्या तळाशी गारवा नसतो
'ग्रँड कॅन्यनमध्ये जितकं खाली उतराल तितकं विहिरीसारखं गार लागतं' हा मेसेज परवा मीही पुढे ढकलला होता. तो चुकीचा आहे. दरीच्या दक्षिण कड्याची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 2,100 मीटर, तळाच्या फँटम रँच या मुक्कामाच्या ठिकाणाची जेमतेम 750. खाली हवेचा दाब वाढतो, हवा तापते, त्यात उन्हाने भाजलेले कातळ. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या सूचनांतही हाच इशारा असतो.

खडक खाली जुने होत जातात, हे मात्र खरं. कड्यावर शिंपल्यांचे ठसे असलेला 27 कोटी वर्षांचा चुनखडक, तळाशी सुमारे 175 कोटी वर्षांचा काळपट 'विष्णू शिस्ट' हा खडक (हो, आपलाच विष्णू!).

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. तिकडे निघालेल्या कुणाला पाठवला असेल, तर त्यांना आधी कळवा.